पायाखाली लाव्ह्याचा समुद्र नाही

शाळेच्या भूगोलातलं एक चित्र बहुतेकांच्या डोक्यात कायमचं घर करून असतं. पृथ्वीच्या गोळ्याची एक फोड कापून बाजूला काढलेली. बाहेरची साल पातळ, तपकिरी. तिच्या आत भडक नारिंगी, मग लाल, आणि मधोमध पिवळाधमक गोळा. पुढे कधीतरी ज्वालामुखीचंही चित्र बघितलेलं असतं. दोन्ही चित्रं मनात एकमेकांत मिसळतात आणि समज पक्का होतो की आपण एका पातळ सालीवर उभे आहोत, खाली रस उकळतोय, साल कुठे फाटली की तो वर येतो.

हा समज चुकीचा आहे, आणि चूक थोडीथोडकी नाही. सालीखालचा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा थर घन खडकाचा आहे. पृथ्वीच्या आकारमानाचा जवळपास ८४ टक्के भाग या एकट्या थराने व्यापलाय. तो खडक भयंकर तापलेला आहे, पण वितळलेला नाही. खराखुरा द्रव त्याच्याही खाली सुरू होतो आणि तो लाव्हा नसून वितळलेलं लोखंड आहे. चित्रातले रंग तापमान दाखवायला निवडलेले असतात. आपण ते पदार्थाची अवस्था म्हणून वाचतो, तिथे घोटाळा होतो.

आता प्रश्न असा की हे इतक्या ठामपणे सांगायचं कशाच्या जोरावर? पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. तिथे आत कोणी गेलेलं नाही, जाण्याची शक्यताही नाही. मग मडकं पक्कं आहे की चिरलेलं, हे जसं टिचकी मारून आवाजावरून ओळखतात, तसंच काहीतरी करावं लागतं. आणि त्याच्याही आधी वजन करून बघावं लागतं.

वजनाचं काम इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशने १७९७-९८ मध्ये केलं. एका तारेला आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या दोन टोकांना शिशाचे लहान गोळे, आणि त्यांच्याजवळ शिशाचेच दोन मोठे गोळे, प्रत्येकी दीडशे किलोहून जड. मोठ्या गोळ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने लहान गोळे किती ओढले जातात, हे दांडीच्या हलण्यावरून मोजायचं. ही ओढ इतकी सूक्ष्म की माणूस खोलीत शिरला तर त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलून प्रयोग बिघडायचा. म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेरून दुर्बिणीने बघत असे. त्यातून निघालेलं उत्तर असं: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेपाचपट. आजचा आकडा ५.५१ आहे, म्हणजे सव्वादोनशे वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही.

या एका आकड्यात मोठी बातमी दडलेली आहे. आपल्या हाताला लागणारे खडक इतके जड नसतात. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे २.७ पट, बेसाल्ट ३ पटीच्या आसपास. वरचा माल हलका आणि सरासरी साडेपाच, तर आत कुठेतरी फारच जड काहीतरी भरलेलं असलं पाहिजे. दाबाखाली खडक चेपला जातो आणि त्याची घनता वाढते हे खरं, पण नुसत्या चेपण्याने हिशेब पुरा होत नाही. १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एमिल वीखर्ट याने मांडलं की आत लोखंडाचा गाभा असावा. लोखंडच का? कारण ते जड आहे आणि मुबलकही आहे. पृथ्वीच्या एकूण वस्तुमानाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग लोखंडाचा आहे. पृथ्वी नवी असताना तापून वितळली, लोखंड खाली बुडालं, हलकी सिलिकेट द्रव्यं, म्हणजे खडक ज्यांचे बनतात ती, वर राहिली. लोखंडात सहज विरघळणारे धातूही त्याच्याबरोबर गेले. पृथ्वीवरचं बहुतेक सोनं त्यामुळेच गाभ्यात आहे, आणि तिथेच राहणार.

वजनाने एवढं कळलं. थर किती, कुठे, कशाचे, यासाठी टिचकी लागते. ती मारतो भूकंप.

भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लहरी आत शिरतात. प्राथमिक लहरी दाबत-ताणत जातात, हवेतल्या आवाजासारख्या. त्या घन, द्रव, वायू कशातूनही जाऊ शकतात. दुय्यम लहरी पदार्थाला आडवं हलवत जातात, दोरीला झटका दिल्यावर तिच्यातून लाट पळते तशा. आडवं हलवलेला कण परत जागेवर ओढून आणणारी ताकद पदार्थात असेल तरच ही लहर पुढे सरकते. घन पदार्थ आपला आकार सोडायला तयार नसतो, म्हणून त्यात ती ताकद असते. पाण्याचा एक थर बाजूला सरकवला तर तो परत यायची तसदी घेत नाही. त्यामुळे द्रवात दुय्यम लहर चालतच नाही.

सगळ्या लेखातला हा एक मुद्दा लक्षात ठेवला तरी बाकीचं आपोआप सुटतं. दुय्यम लहर जिथून गेली तो भाग घन, जिथे अडली तो द्रव.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅमने १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास केला. दूरवरच्या उपकरणांनी टिपलेल्या नोंदींत त्याला या वेगवेगळ्या लहरी एकीमागून एक येताना स्पष्ट ओळखता आल्या. पुढे १९०६ मध्ये त्याने दाखवलं की पृथ्वीच्या मध्यातून पलीकडे जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, म्हणजे वाटेत त्यांचा वेग कमी करणारा एक वेगळा गाभा आहे. भूकंपाच्या नोंदीतून पृथ्वीच्या पोटात डोकावता येतं, ही गोष्ट खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

तीन वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९०९ ला, क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथल्या आंद्रिया मोहोरोविचिच या शास्त्रज्ञाला नोंदींमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काही ठिकाणी प्राथमिक लहर एकदा नाही, दोनदा आली होती. भूकंप तर एकच. त्याने लावलेला अर्थ असा: एक लहर जवळच्या वाटेने, वरच्या खडकातून आली, दुसरी खाली जाऊन, जास्त वेगाच्या खडकातून फिरून आली. गावातल्या अरुंद रस्त्यापेक्षा वळसा घालून महामार्गाने लवकर पोहोचावं, तसं. दूरच्या केंद्रांवर फिरून आलेली लहर आधी हजर होत होती. म्हणजे कित्येक किलोमीटर खाली खडकाची जात बदलते आणि लहरींचा वेग एकदम वाढतो. यालाच मोहो विलगता म्हणतात. तिच्या वरचं ते भूकवच, खालचं ते प्रावरण. महासागरांखाली कवच जेमतेम सहा-सात किलोमीटर जाड असतं, खंडांखाली साधारण ३० ते ५०, आणि हिमालय-तिबेटच्या खाली ७० किलोमीटरच्या घरात जातं.

इथे थांबून एक गोष्ट बघायला हवी. मोहो ही घन आणि द्रव यांच्यामधली सीमा नाही. वरही खडक, खालीही खडक. फक्त खालचा जास्त जड, त्यात मॅग्नेशियम आणि लोखंड अधिक. दुय्यम लहरी मोहो ओलांडून सरळ खाली जातात आणि २,८९० किलोमीटरपर्यंत जातच राहतात. वाटेत त्यांचा वेग कमी होण्याऐवजी एकंदरीत वाढतो आणि तळाशी सेकंदाला सात किलोमीटरच्या पुढे जातो. प्रावरणात लाव्ह्याचा समुद्र असता तर हे शक्य नव्हतं.

मग ज्वालामुखीतून येतं ते काय?

प्रावरणाचा वरचा भाग वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो. तापमान पुरेसं असतं, पण वरच्या वजनाचा दाब खडकाला घन ठेवतो. जिथे खडक वर सरकतो आणि दाब उतरतो, तिथे त्याचा थोडासा अंश वितळतो. महासागराच्या मधल्या पर्वतरांगांखाली हेच चालू असतं. दुसरी तऱ्हा पाण्याची. समुद्राचा तळ एखाद्या खंडाखाली घुसतो तेव्हा खनिजांत अडकलेलं पाणी बरोबर नेतो; ते वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की त्याचा वितळणबिंदू खाली येतो. दोन्हीकडे आधी खडकाचा थोडाच भाग रस होतो, तो हलका असल्याने फटीफटीतून वर चढतो, आणि त्यातला काही कवचात साठतो. ज्वालामुखीचा शिलारस असा तिथल्या तिथे तयार झालेला असतो. खाली कुठल्या समुद्राला तो जोडलेला नसतो.

पण मग खंड सरकतात कसे, हा रास्त प्रश्न येतो. घन खडकावर घन खडक वर्षाला काही सेंटिमीटर कसा सरकेल? इथे आपल्या रोजच्या भाषेतला ‘घन’ हा शब्द अपुरा पडतो. बर्फाचा तुकडा हातोडीने फुटतो. त्याच बर्फाची हिमनदी डोंगरावरून वाहते, वळणं घेते, आणि वाहताना बर्फ वितळलेला नसतो. त्याचे स्फटिक स्वतःच्याच वजनाखाली हळूहळू आकार बदलत असतात. तापलेला खडकही तसाच. भूकंपाची लहर काही सेकंदांत निघून जाते, तेवढ्या वेळात तो पोलादासारखा ताठ वागतो. हजारो-लाखो वर्षं दाब दिला तर तोच वाहतो. घन की द्रव हे ठरवताना नुसतं काय आहे हे विचारून भागत नाही. किती वेळ, हेही विचारावं लागतं.

याचा पुरावा डोळ्यांदेखत घडतोय. शेवटच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचा जाड थर होता. त्या वजनाने जमीन खाली दबली आणि खालचं प्रावरण बाजूला सरकलं. बर्फ वितळून दहा हजार वर्षं होत आली, तरी तिथली जमीन अजून वर येते आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर. या वर येण्याच्या गतीवरूनच प्रावरण किती घट्ट आहे याचा हिशेब करता येतो.

पाठ्यपुस्तकांत इथे आणखी एक गुंता होतो. भूकवच, प्रावरण, गाभा ही वाटणी कोणता थर कशाचा बनलाय यावरून आहे. शिलावरण आणि दुर्बलावरण ही वाटणी कोणता थर ताठ आणि कोणता मऊ यावरून. दोन्ही नावं एकाच यादीत लावली की विद्यार्थी गोंधळणारच. शिलावरणात अख्खं कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा थंड, ताठ भाग असे दोन्ही येतात; जाडी सुमारे १०० किलोमीटर, जुन्या खंडांखाली बरीच जास्त. सरकतात ते भूपट्ट या शिलावरणाचे तुकडे आहेत, नुसत्या कवचाचे नव्हेत. त्याखालचं दुर्बलावरण मऊ आहे, फार तर त्यात चिमूटभर वितळलेला अंश असेल, पण तेही घनच.

प्रावरणात खोल उतरताना खडकाचे घटक तेच राहतात, पण खनिजांची घडी बदलते. पेन्सिलीतलं ग्राफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच, फक्त अणूंची मांडणी वेगळी, तसंच. सुमारे ४१० किलोमीटरवर ऑलिव्हिन हे खनिज दाबाखाली जास्त आवळलेलं रूप घेतं आणि ६६० च्या आसपास पुन्हा मोडून नवी खनिजं बनतात. त्यातलं मुख्य ब्रिजमनाइट, म्हणजे पृथ्वीवरचं सर्वांत मुबलक खनिज. गंमत अशी की त्याला हे नाव मिळालं थेट २०१४ मध्ये. नियम असा की खनिजाला नाव द्यायचं तर निसर्गात सापडलेला नमुना हवा, आणि खालचा नमुना वर येईपर्यंत दाब सुटून बदलून जातो. शेवटी तो सापडला ऑस्ट्रेलियात १८७९ मध्ये पडलेल्या एका उल्केत, अवकाशातल्या टकरीच्या धक्क्याने तयार झालेला. पायाखाली सर्वांत जास्त असलेली वस्तू आकाशातून पडल्यावर नावारूपाला आली.

२,८९० किलोमीटरवर मात्र सगळंच बदलतं. जर्मन भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्गने १९१०च्या दशकाच्या सुरुवातीला ही सीमा जवळपास अचूक मोजली. प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला साडेतेरा किलोमीटरच्या वर असतो तो एकदम आठवर येतो. दुय्यम लहर तर तिथे संपतेच. घनता जवळजवळ दुप्पट होते. खडक संपून धातू सुरू होतो, आणि हा धातू द्रव आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीजने १९२६ मध्ये पक्कं केलं. त्या वितळलेल्या लोखंडात थोडं निकेल आहे आणि काही हलकी मूलद्रव्यंही, कारण शुद्ध लोखंड असतं तर तो भाग आहे त्याहून जड भरला असता. त्याचा पातळपणा साधारण पाण्याइतका असावा असा अंदाज आहे. लाल रसाचा समुद्र आपण जिथे कल्पिला तिथे खडक निघाला, आणि खरा समुद्र त्याच्या कित्येक पट खाली, धातूचा.

याच समुद्रामुळे होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. आत लोहचुंबकाची कांडी असल्यासारखं चित्र काढतात, पण ते शक्य नाही. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड आपलं चुंबकत्व टिकवू शकत नाही आणि गाभा त्याहून कितीतरी तप्त आहे. वीजवाहक द्रव लोखंड वर्षाला किलोमीटरांच्या वेगाने खालीवर होतं, पृथ्वीच्या फिरण्याने त्याला पीळ बसतो, आणि त्या हालचालीतून विद्युतप्रवाह व चुंबकीय क्षेत्र तयार होत राहतं. क्षेत्र वाहत्या द्रवाने बनवलेलं, म्हणून ते स्थिर नसतं. त्याचे ध्रुव कित्येकदा उलटले आहेत, शेवटचे सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी.

गाभा द्रव आहे असं ठरल्यावर दहा वर्षांत एक अडचण उभी राहिली. द्रव गाभ्यात शिरताना लहरी इतक्या वाकतात की भूकंपापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात (अंतर पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनात मोजलं तर) सावली पडते. तिथे सरळ येणारी प्राथमिक लहर दिसायलाच नको. पण तिथे क्षीण लहरी दिसत होत्या. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या मोठ्या भूकंपाच्या नोंदी बारकाईने तपासल्या. संगणक नव्हते, ओटच्या पिठाच्या रिकाम्या खोक्यांत पुठ्ठ्याची कार्डं लावून त्या नोंदी ठेवत. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि त्यावरून वळून-परतून त्या लहरी सावलीत पोहोचतात. त्या शोधनिबंधाचं शीर्षक एका अक्षराचं होतं, ‘पी’ आणि शेजारी एक छोटी तिरकी रेघ. लेहमान १०४ वर्षं जगल्या, म्हणून आतला गाभा घन असल्याचं १९७१ मध्ये सिद्ध झालेलंही त्यांनी पाहिलं. ते सिद्ध झालं मोठ्या भूकंपांनंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी दणाणत राहते त्या स्पंदनांवरून. १९६० च्या चिलीच्या भूकंपानंतर अशी स्पंदनं पहिल्यांदा नीट टिपली गेली. त्यातल्या सर्वांत संथ स्पंदनाचा एक हेलकावा ५४ मिनिटांचा आहे. कान लावून ऐकण्याच्या कितीतरी खालचा सूर.

अंतर्गाभ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या सत्तर टक्के. तो बाह्यगाभ्यापेक्षा जास्त तापलेला आहे, तरी घन आहे. दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो, तसाच लोखंडाचा वितळणबिंदूही चढतो. पृथ्वीच्या मध्याशी दाब वातावरणाच्या ३६ लाख पट आहे. खोलीबरोबर तापमान वाढतं, पण वितळणबिंदू त्याहून वेगाने वाढतो, आणि ५,१५० किलोमीटरवर तो तापमानाला मागे टाकतो. तिथे लोखंड गोठतं. पृथ्वी निवते तसा हा गोळा वाढतो आहे, वर्षाला मिलिमीटरच्या आसपास. इतका दाब असलेल्या त्या मध्यबिंदूवर गुरुत्वाकर्षण मात्र शून्य असतं, कारण सगळीकडून सारखीच ओढ. दाब वरच्या सगळ्या थरांच्या वजनाचा, ओढ मात्र कुणाचीच नाही.

तापमानाबद्दलही एक सोपी चूक होते. कवचाच्या वरच्या भागात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढ होते. हाच दर मध्यापर्यंत लावला तर उत्तर दीड लाख अंशांच्या पुढे जातं. प्रत्यक्षात मध्याशी तापमान पाच-सहा हजार अंश आहे, सूर्याच्या पृष्ठभागासारखं. फरक पडतो कारण कवचातून उष्णता खडकातून झिरपत जाते, तर प्रावरणात खडक स्वतःच उष्णता घेऊन वर येतो आणि थंड होऊन खाली जातो. ढवळलेल्या भांड्यात तापमान फार वेगाने बदलत नाही.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन इथेच फसले. पृथ्वी तापलेल्या ताठ गोळ्यासारखी निवते असं धरून १८६२ मध्ये त्यांनी तिचं वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं. खरं वय ४५४ कोटींच्या आसपास. त्यांना किरणोत्सर्ग, म्हणजे त्यातून आत सतत तयार होणारी उष्णता, माहीत नव्हती, म्हणून ते चुकले, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्यांचाच जुना सहायक जॉन पेरी याने १८९५ मध्येच, किरणोत्सर्गाचा शोध लागायच्या आधी, बोट ठेवलं होतं की आतली उष्णता सहज वर पोहोचत असेल तर वय कितीतरी जास्त निघेल. मला ही टीका जास्त मोलाची वाटते. केल्व्हिनची मुख्य चूक उष्णतेच्या हिशेबात नव्हती. घन आहे म्हणजे हलणार नाही, हे धरून चालण्यात होती.

राहता राहिलं प्रत्यक्ष खणणं. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० मध्ये एक विवर खोदायला सुरुवात झाली आणि १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरवर पोहोचलं. पृथ्वीच्या त्रिज्येचा हा पाचशेवा हिस्साही नाही. कवचाच्या वरच्या ग्रॅनाइटखाली काही किलोमीटरवर बेसाल्ट लागेल, अशी अपेक्षा होती. भूकंपलहरींचा वेग तिथे बदलतो, त्यावरून तसा अंदाज बांधलेला. बेसाल्ट लागलाच नाही. ग्रॅनाइटसारखाच खडक निघाला, फक्त भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला. लहरींचा वेग बदलला होता हे खरं, कारण वेगळं निघालं. तळाशी १०० अंशांच्या आसपास तापमान धरलेलं, ते निघालं १८० अंश. तेवढ्या उष्णतेत आणि दाबात खडक ठिसूळ राहिला नाही, विवर स्वतःहून मिटू लागलं. १५ किलोमीटरचं उद्दिष्ट सोडून द्यावं लागलं. जेमतेम २३ सेंटिमीटर रुंदीच्या त्या भोकावर आता बोल्ट मारून घट्ट बसवलेलं एक गंजकं झाकण आहे.